कोठीवरची आत्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि असं म्हणतोय कोण — तर मी, संतोष, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळं वाटूर म्हणतं! वाटूर फाट्यावर माझं रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते लग्नातल्या माइकमुळं. आमच्या पट्ट्यात लग्न असलं की आहेर पुकारायला मला बोलावतात. कोण आलं, कुठून आलं, नवरीच्या मामानं काय दिलं, नवरदेवाच्या मावशीनं काय दिलं — सगळं एका दमात, मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं. बोलण्यावरच माझं नाव झालं. मग ही एवढी एक गोष्ट का नाही बोललो? थांबा, सांगतो. आज सांगणारच आहे.

पण आधी खेळाबद्दल बोलू द्या. म्हणजे — कळतंय मला, चूक कबूल करायला बसलोय आणि खेळाच्या गप्पा मारतोय. पण त्याशिवाय तुम्हाला काही समजणार नाही. आणि खरं सांगू का, त्या खेळाचं नाव निघालं की मला आजही एका जागी बसवत नाही.

खेळ मोबाइलवरचा. त्यात मारामारी नाही, गाड्या पळवणं नाही. पडद्यावर एक चित्र येतं — समजा, आठवडी बाजार. दिसेल त्या वस्तूवर बोट टेकवायचं. कामाची असली तर ती किसन्याच्या पिशवीत जाते. किसन्या म्हणजे आपला हिरो, अंगापेक्षा मोठा शर्ट घातलेला. मग पिशवीतली वस्तू काढायची आणि कुणालाही दाखवायची, कशालाही लावून बघायची. बरोबर जागी लागली की गोष्ट पुढं सरकते. चुकीच्या जागी लावली की — खरी मजा इथंच आहे — समोरचं माणूस असं काही बोलतं की तुम्ही मुद्दाम आणखी चुका करत बसता. पहिल्या भागाचं नाव होतं ‘किसन्या आणि चोरीला गेलेली म्हैस’. म्हशीच्या शोधात किसन्या अख्खा बाजार पालथा घालतो, तिघांशी भांडतो, एकाच्या विहिरीत पडतो, आणि शेवटी म्हैस सापडते त्याच्याच घरामागं, चिखलात बसलेली. ती कुणी चोरलीच नव्हती!

तर त्या किसन्याचा आवाज माझा.

खेळ बनवणारा निनाद. त्याचं आजोळ परतूरचं, पण वाढला पुण्यात. जालन्यात एक खोली भाड्यानं घेऊन तो एकटाच चित्रं काढतो, कोडी रचतो, सगळं जुळवतो. एका लग्नात त्यानं मला आहेर पुकारताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. संतोषभाऊ, किसन्या तुम्हीच, म्हणाला. आता मला सांगा, असं कुणी म्हटल्यावर माणूस जमिनीवर राहील का? मी तर नाही राहिलो. खेळ आला, गाजला, आणि फाट्यावर बसमधून उतरणारी अनोळखी पोरं दुकानात डोकावून किसन्यासारखं बोलून दाखवा म्हणायला लागली. मी बोलायचो. एकदा झेरॉक्स काढता काढता बोललो तर गिऱ्हाइकाचे सगळे कागद उलटे निघाले, तरी तो हसत गेला. सगळे सांगायचे, संतोषभाऊ, तुमच्यामुळं खेळ चालला. आणि मी ते पटवून घेतलं होतं, पुरतं.

मग दुसरा भाग आला. ‘किसन्या आणि पळालेला नवरदेव’. या भागाची गोष्ट ऐका. भर मांडवातून नवरदेव पळून जातो. का? तर त्याला उखाणा येत नाही! तो जाऊन बसतो पाण्याच्या टाकीवर, आणि त्याला खाली उतरवून मांडवात आणायचं काम किसन्याकडं. त्यासाठी लागतो नारळ, लागते टॉवेल-टोपी, लागतो माइकचा भोंगा, आणि हे सगळं बंद असतं कोठीत.

कोठी तुम्हाला माहीत असेलच, पण नसेल तर — लग्नात एक खोली असते, नारळ, साखर, आहेराची टॉवेल-टोपी, बुंदीची पातेली सगळं तिथं. आणि त्या खोलीच्या दारात किल्ली कमरेला लावून एक बाई बसलेली असते. बहुतेक नवरदेवाची आत्या. प्रत्येक घरात एक अशी आत्या असतेच, तिलाच तिथं बसवतात. तिच्या हातून एक सुपारी काढून दाखवा! खुद्द वरबापाला सुद्धा ती विचारते, कशाला पाहिजे म्हणून. निनादनं हे कुठल्या तरी लग्नात पाहिलं होतं आणि अख्ख्या दुसऱ्या भागाच्या मधोमध त्यानं ही आत्या बसवली. काहीही पाहिजे असलं तरी किसन्याला तिच्याकडं जावं लागणार. आवाजासाठी जालन्याची एक नाटकात काम करणारी बाई ठरली होती.

रेकॉर्डिंग आमच्या घरी होतं. मागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, पंखा बंद करून, घाम पुसत. त्या दिवशी ती नाटकवाली आलीच नाही, तिच्या घरी कुणीतरी आजारी पडलं. निनाद म्हणाला, आत्याचं कुणीतरी नुसतं वाचा, म्हणजे संतोषभाऊंना समोरून बोलता येईल. तेवढ्यात मनीषा चहा घेऊन आली.

मनीषा माझी बायको. टेंभुर्णीची. आणि तिच्यात एक खोड आहे — होती — कुणाचाही आवाज काढायची. भाजीवाल्याचा, बँकेतल्या मॅडमचा, माझा तर रोजच. मी घरी यायच्या आधीच मी काय बोलणार ते माझ्या आवाजात पोरांना ऐकवायची, आणि मी आलो की अगदी तेच बोलायचो. पोरं लोळायची. तर तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला, कागद हातात घेतला, एकदा वाचला, बाजूला ठेवला. आणि टेंभुर्णीची तिची खरीखुरी आत्या अंगात आल्यासारखी बोलायला लागली.

मी म्हणायचं होतं, आत्या, एक नारळ द्या. मी म्हणालो.

“नारळ? सकाळधरनं नारळच मागून राह्यला तू. नारळ खातो का नवरदेवाच्या टकुऱ्यात फोडतो?”

हे कागदावर नव्हतं! निनाद माझ्याकडं बघतोय, मी निनादकडं. त्यानं हातानं खूण केली, चालू द्या. मी पिशवीतली बकरी दाखवली — हो, किसन्याच्या पिशवीत बकरी मावते, तसा खेळच आहे तो. मनीषानं बकरीकडं बघितल्यासारखं केलं.

“हिचा आहेर लिवायचा का आता? नाव सांग तिचं. सासरचं.”

निनाद खुर्चीवरून घसरला. खरंच घसरला, गोधडी धरून उठला. मीही हसत होतो. हे नीट ऐका — मीही हसत होतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी रिकामा हात पुढं केला तर म्हणते कशी, रिकाम्या हातानं आला, रिकाम्या हातानं जा, हिशेब बराबर. दुपारभर ती बोलत राहिली आणि निनाद नवनवीन वस्तू सुचवत राहिला, चप्पल दाखवा, बॅटरी दाखवा, नवरदेवाची फेट्याची पिन दाखवा. चहा तसाच गार झाला. शेवटी निनाद म्हणाला की त्या जालन्याच्या बाईंना आता नाही सांगून टाकतो, आत्या सापडली.

मनीषाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा चेहरा मी तिचा पाहिला नव्हता. रात्रीच्या भाकरी थापताना ती मध्येच थांबायची आणि मला म्हणायची, अवो, ही ओळ कशी वाटती बघा बरं, आणि नवीनच काहीतरी बोलायची. आणि मी — तेव्हा कुठंतरी पहिल्यांदा मी नुसता ‘हं’ म्हणालो. हसलो नाही. हसू आलं होतं, पण हसलो नाही. कळतंय का तुम्हाला, मी काय म्हणतोय ते?

खेळ बाहेर काढायच्या आधी तो अनोळखी लोकांना खेळायला द्यायचा आणि त्यांचं मत घ्यायचं, अशी निनादची पद्धत. आपल्या ओळखीचे नको, ते तोंडदेखलं बोलतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी निवडलं. आमच्यापासून लांब, तिथं मनीषाला कुणी ओळखत नव्हतं. काम माझ्याकडं आलं. मोटारसायकलवर जायचं, लोकांच्या फोनमध्ये खेळ टाकायचा, ते खेळताना बसून ऐकायचं, आणि कोण काय म्हणालं ते निनादला लिहून पाठवायचं. लोक बोलतील ते जसंच्या तसं लिहा, तुमचं मत मिसळू नका, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

आणि काय सांगू तुम्हाला त्या दिवसाचं! चौकातल्या चहाच्या टपरीवर भर दुपारी गर्दी. एका फोनवर पाच डोकी. भानुदासमामा म्हणून एक गृहस्थ होते, सोयाबीन विकून मोकळे झालेले, फोन त्यांच्या हातात. त्यांना नारळ मिळाला, टॉवेल-टोपी मिळाली, कोठीचं काम संपलं, आता टाकीकडं जायचं. जातात का? नाही! ते फिरून आत्याकडं. आत्याला चप्पल दाखवली, शिव्या खाल्ल्या. बकरी दाखवली, शिव्या खाल्ल्या. मग टाकीवरून नवरदेवाचा एक बूट आणून दाखवला, केवळ आत्या काय म्हणते ते ऐकायला. बाकीचे ओरडतायत, मामा, तो भोंगा दाखवा तिला, भोंगा! टपरीवाल्याचा चहा उतू चाललाय आणि तोही वाकून बघतोय. भानुदासमामांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले,

“या बाईनं माहं डोकं खाल्लं राव. हिला कोनीतरी आवरा.”

शेजारचा म्हणाला, आमच्या आत्यापेक्षा बी खडूस हाय ही, जीव नकोसा केला. आत एका घरी गेलो तर तिथली बाई म्हणाली, हिच्यापायी माहं दूध उतू गेलं, आन सुनेला म्हणाली, पुन्हा लाव गं.

आता इथं थांबा. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला हे सांगायची गरज नाही. आमची माणसं जे मनापासून आवडतं त्याला नावं ठेवतात. उघड कौतुक कुणी करत नाही, नजर लागेल म्हणून म्हणा, लाज वाटते म्हणून म्हणा. मी मांडवात आयुष्य घालवलं, मला विचारा! पंगतीतून उठताना कुणी ‘जेवण चांगलं होतं’ म्हणाला की समजा स्वयंपाक बेताचा होता. आणि ‘आचाऱ्यानं आज मारलंच आपल्याला, उठता येईना’ असं म्हणत कुणी पोटावरून हात फिरवला की आचाऱ्यानं मैदान मारलं. आत्याला त्या दिवशी जेवढ्या शिव्या पडल्या तेवढं कौतुक मी माझ्या जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही.

आणि मला काय मिळालं? आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, तुमीच का किसन्या, असं विचारलं. आणि म्हणाले — चांगलं हाय. सगळ्यांनी तेच. चांगलं हाय, चांगलं हाय. अंबडला कॉलेजला जाणारी एक पोरगी होती, ती तर सरळच म्हणाली,

“काका, किसन्याला जरा गप करा न. आत्याला बोलू द्या.”

तिनं काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं. तिला पुढचं ऐकायचं होतं एवढंच. पण ते ऐकलं आणि माझे कान तापले. तिथून निघालो, गाडी चालवतोय, आणि डोक्यात एकच — माझ्या खेळात! माझ्या खेळात मलाच गप करा म्हणतायत, आणि कुणासाठी, तर चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोसाठी! ‘माझ्या खेळात’ म्हणे. त्यात माझं काय होतं? चित्रं निनादची, गोष्ट निनादची. पण त्या रस्त्यावर मला असंच वाटत होतं आणि मला ते वाटू द्यायचं होतं.

वाटेत एका झाडाखाली गाडी उभी केली आणि निनादला मतं लिहून पाठवली. जसंच्या तसं, त्यानं सांगितलं होतं तसं. खेळाडूचं म्हणणं — या बाईनं डोकं खाल्लं. खेळाडूचं म्हणणं — हिला कुणीतरी आवरा. खेळाडूचं म्हणणं — जीव नकोसा केला. एका घरी हिच्यामुळं दूध उतू गेलं. एक अक्षर खोटं नाही! उपरण्यानं पुसलेले डोळे मात्र लिहिले नाहीत. पुन्हा लाव गं, ते लिहिलं नाही. बकरी घेऊन परत परत जाणारे मामा लिहिले नाहीत. आणि त्या कॉलेजच्या पोरीचं वाक्य तर नाहीच नाही. किसन्यासमोर लिहिलं — सर्वांचं मत, चांगलं आहे.

निनाद पुण्यात वाढलेला. तिकडं जे बोलतात तेच म्हणायचं असतं. मला हे माहीत होतं, चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर तसं लिहिलं ना?

त्यानं लगेच फोन केला. आवाज पडलेला होता. भाऊ, मला तर आत्याच सगळ्यात जास्त आवडली होती, म्हणाला. मग त्यानं विचारलं,

“पण हसतात का लोक?”

इतका सरळ प्रश्न. एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हणालो, “किसन्याला हसतात.”

तो म्हणाला की लोकांचं लोकांना माहीत, आपण कोण ठरवणार. आत्या ठेवतो पण थोडीच, आणि आवाज त्या जालन्याच्या बाईंचाच घेतो. वहिनींना वाईट नाही ना वाटणार, हेही त्यानं विचारलं. मी म्हणालो, छे, ती गंमत म्हणून बोलली होती. माझा आवाज त्या वेळी अगदी मोकळा होता. माइकवर असतो तसाच.

एवढंच असतं तर — नाही, एवढंच असतं तरी ते वाईटच होतं. पण एवढंच नाही. इथपर्यंत मी जे सांगितलं ते मी मनातल्या मनात स्वतःला पुष्कळदा सांगून झालंय, त्याला आता तितकी धार राहिलेली नाही. पुढचं मी स्वतःशीसुद्धा नीट बोललेलो नाही.

घरी पोहोचलो तर मनीषा ओट्यावर बसून मेथी निवडत होती. माझीच वाट बघत होती, हे गाडी लावतानाच दिसलं. गाडीचा आवाज ऐकून तिनं पदर सारखा केला, पाहुणा आल्यासारखा. मी पाय सुद्धा धुतले नव्हते आणि तिनं विचारलं, “काय म्हनले अंतरवालीवाले?”

आता बघा. निनादला पाठवलेली वाक्यं तिला दाखवता येत नव्हती. ती टेंभुर्णीची! ‘डोकं खाल्लं’ वाचलं असतं आणि तिथंच टाळी वाजवली असती तिनं. खऱ्या शब्दांनी निनाद फसला, ती फसली नसती. म्हणून तिच्यासाठी मला वेगळं बनवावं लागलं. संपूर्ण खोटं, माझ्या हातानं, तिथं उभ्या उभ्या.

मी म्हणालो, “आवाज कर्कश लागतो म्हनले. डोकं दुखतं म्हनले. निनादनं दुसरी बाई घेतली.”

कर्कश. हा शब्द कुठून आणला मी? तिला कधीच कुणी तसं म्हटलं नव्हतं. तिला लागेल असा शब्द शोधला मी, एवढी वर्षं तिच्याबरोबर राहून मला माहीत होतं कुठला लागेल. ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, “बरं झालं काढला ते. माह्यापायी तुमच्या खेळाचं नुकसान व्हायला नको.” आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेली.

मला त्या वेळी बरं वाटलं. हे सांगितलं पाहिजे. वाईट वाटलं नाही, बरं वाटलं.

तेव्हापासून तिनं कुणाचा आवाज काढलेला नाही. दुकान आमच्या घरासमोरच आहे, रस्ता ओलांडला की झालं. आधी ती दारातून हाक मारायची, “अवो, जेवायला!”, आणि फाट्यावरची निम्मी माणसं हसून म्हणायची, जा बाबा, बोलावणं आलं. आता मिस्ड कॉल देते. हळदीला बायका गाणी म्हणतात तिथं ती पुढं असायची, आता मागं बसून हळद कालवते. कुणी आग्रह केला तर स्वतःच हसून सांगते की माहा आवाज लोकांला सोसत न्हाई. माझंच खोटं. ती ते विनोद म्हणून सांगते आणि बायका हसतात.

दुसरा भाग बाहेर आला आणि चालला, खूप चालला. लोकांची मतं धडाधड यायला लागली आणि मी वेडा झालो होतो, खोटं कशाला बोलू! कुणी लिहायचं पहिल्या भागातली म्हैसच भारी, कुणी भांडायचं की नाही, टाकीवरचा नवरदेव त्याच्या दुप्पट भारी. बकरीच्या गळ्यात भोंगा बांधायचं कोडं कुणाला सुटेना. कुणी लिहिलं की मी बकरी सोडून सगळ्यांच्या गळ्यात बांधून पाहिला, भटजींच्या सुद्धा. वाचता वाचता आम्ही हसायचो. आम्ही म्हणजे मी आणि मनीषा. कारण ती मतं मला तीच वाचून दाखवायची, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून. किसन्याचं कौतुक आलं की ती ते पुन्हा वाचायची. हळू आवाजात.

आणि एक दिवस हे आलं. कुणीतरी लिहिलं होतं की खेळ मस्त आहे, पण कोठीवरची आत्या पाठ केलेलं बोलल्यासारखी बोलते, आमच्या गावाकडच्या आत्या अशा नसतात, तिथं मजा यायला पाहिजे होती. खाली पुष्कळ जणांनी त्याला दुजोरा दिला होता. मनीषानं ते शेवटपर्यंत वाचलं. आता तिला कळणार, असं वाटलं. आणि ती काय म्हणाली माहीत आहे?

“या बिचारीला एवढं बोलून राह्यले. माहा असता तर मारायलाच आले असते.”

तिच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना खोच. तिनं ते खरं धरलं होतं. मला त्या क्षणी सांगता आलं असतं. ती शेजारी बसली होती, फोन तिच्याच हातात होता. मी म्हणालो, पुढचं वाच.

आता परवाचं सांगतो आणि थांबतो.

परवा निनादचा फोन आला. तिसरा भाग करतोय. असा उत्साहात होता की वाक्य पुरं करेना, आणि ऐकून मीही दुकानात उभाच राहिलो. काय गोष्ट आहे म्हणता! लग्न झालंय, वऱ्हाड परत निघालंय, आणि कोठीची किल्लीच हरवलीय. आत्या ती शोधायला निघते, गावोगाव. किसन्या तिच्या मागं पिशवी धरून. म्हणजे या वेळी हिरो आत्या! मग म्हणाला की भाऊ, तुम्हाला खरं सांगतो, वहिनींचा आवाज माझ्या डोक्यातून गेलेलाच नाही. लोकांना नसेल आवडला तेव्हा, पण मला पुन्हा करून बघायचंय. हा भाग मी त्यांच्यासाठीच लिहिलाय. विचारून बघा ना त्यांना.

या वेळी मधे कुणीच नव्हतं. अंतरवाली नाही, कॉलेजची पोरगी नाही, कुणाचं मत नाही. माझं नाव होऊन गेलेलं, मला काही सिद्ध करायचं नाही. समोर रस्ता, पलीकडं आमचं घर, दारात मनीषा वाळवणावरची कोंबडी हाकलताना मला दिसत होती. तोंडानं नाही, नुसत्या हातानं हाकलत होती. मी हाक मारली असती तर ती आली असती.

मी निनादला म्हणालो, “विचारलं मी तिला. न्हाई म्हनते ती.”

त्याला वाईट वाटलं, ते कळत होतं. बरं, बघतो दुसरं कुणी, म्हणाला. किसन्याचं काम आहेच तुम्हाला, हेही म्हणाला.

घरी गेलो तर तिनं विचारलं कुणाचा फोन होता, एवढा वेळ उभ्यानं बोलत होतात. मी म्हणालो, निनादचा. तिसरा भाग निघतोय, मी आहे त्यात. तिला इतका आनंद झाला की तिनं दोन्ही हात पदराला पुसले आणि लगेच रवा भाजायला घेतला. शिरा केला, माझ्यासाठी, तूप सढळ सोडून. पोरांना वाटीत दिला, स्वतःला शेवटी थोडासा घेतला. म्हणाली, “मीठ न्हाई ना पडलं चुकून? सांगा बरं, कसा झाला?”

मी म्हणालो, चांगला झालाय. आणि आणखी मागून घेतला.